साखरेचा अंगरखा

सरकारी दवाखान्यात दीड महिन्याच्या बाळाला पीसीव्ही ही लस फुकट मिळते. न्यूमोनियाचा एक मुख्य जंतू म्हणजे न्यूमोकॉकस. ही लस त्याच्याविरुद्ध आहे. तिच्यात मेलेले जंतू असतात असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर तिच्यात असते साखर, प्रथिनाला जोडलेली.

ही साखर म्हणजे जंतूचा अंगरखा. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळायला जातात, पण या बुळबुळीत आवरणामुळे तो हाताला लागत नाही. आवरण गमावलेल्या जंतूंनी उंदीर मरत नाहीत, हे लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथच्या १९२८ च्या प्रयोगात स्पष्ट दिसलं.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वल्ड एव्हरीच्या डोक्यात आलं, जंतू मारता येत नसेल तर त्याचा अंगरखाच फेडला तर? त्याचा सहकारी रेने द्युबो मातीतल्या जंतूंचा जाणकार. त्याचा तर्क साधा होता: ही साखर निसर्गात साचून राहत नाही, म्हणजे मातीत कोणीतरी ती खात असणारच. न्यू जर्सीतल्या क्रॅनबेरीच्या दलदलीत तो 'कोणीतरी' सापडला. १९३० मध्ये त्याचं एन्झाइम टोचलेले उंदीर जीवघेण्या डोसातूनही वाचले. एन्झाइमने जंतू मारला नव्हता, फक्त उघडा पाडला होता. बाकीचं काम उंदराच्या पेशींनीच केलं.

मग सल्फा आलं, पेनिसिलिन आलं आणि सगळे हे विसरले. एन्झाइम एकाच प्रकारच्या साखरेवर चालायचं, हीही अडचण होतीच. पण १९४५ मध्ये अमेरिकन सैनिकांवर यशस्वी ठरलेली साखरेची लससुद्धा गिऱ्हाईक नाही म्हणून बाजारातून गेली. रॉबर्ट ऑस्ट्रियन हा डॉक्टर मात्र मृत्यू मोजत राहिला. पेनिसिलिन देऊनही माणसं आजाराच्या पहिल्या काही दिवसांत जातातच, हे त्याने दाखवून दिलं. त्याच्या चिकाटीमुळे १९७७ मध्ये १४ प्रकारांची लस आली.

नुसती साखर तान्ह्या बाळांत नीट काम करत नाही, म्हणून ती प्रथिनाला जोडावी लागते. अशी लस अमेरिकेत २००० मध्ये आली. आपल्या सरकारी कार्यक्रमात ती २०१७ मध्ये शिरली, तीही मोजक्या राज्यांत. २०२० च्या अखेरीस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वस्त लस आली आणि २०२१ मध्ये ती देशभर पोचली. मधल्या काळात ज्यांच्या खिशात पैसे होते, त्यांच्या मुलांना ती खासगी दवाखान्यात मिळत होती. मला हे जास्त खुपतं.

आज आयसीयूतल्या क्लेब्सिएलावर एकामागून एक अँटिबायोटिक निकामी होतंय. त्याच्याही अंगावर साखरेचं जाड आवरण असतं. ते विरघळवणारी एन्झाइमं संशोधक आता जंतूंना खाणाऱ्या विषाणूंकडून घेताहेत आणि उंदीर पुन्हा वाचताहेत. माणसाचं औषध अजून दूर आहे. पण हातातली अँटिबायोटिक चालताहेत म्हणून हा रस्ता आपण एकदा सोडला होता. या वेळी पैसा आणि चिकाटी दोन्ही टिकायला हवीत.

आणि घरात तान्हं बाळ असेल तर दीड, साडेतीन आणि नऊ महिने, हे तिन्ही डोस चुकवू नका.