निवड आणि संग्रह : ठाण्याच्या ग्रंथपरंपरेतील एक तत्त्व

ग्रंथालयांचा इतिहास लिहिताना संस्थापकांची नामावळी, इमारतींच्या कोनशिला आणि वर्गणीदारांची संख्या यांवरच बहुधा भर दिला जातो. या गोष्टी आवश्यक खऱ्या, परंतु ग्रंथालयाचे खरे स्वरूप त्यांवरून कळत नाही. ते कळते कपाटांत काय ठेवले गेले आणि काय ठेवण्याचे नाकारले गेले यावरून. वाचकापुढे कथा-कादंबरी ठेवावी की चरित्र, इतिहास आणि शास्त्र ठेवावे, मनोरंजन किती आणि ज्ञान किती, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थापनाचा वाटतो. वस्तुतः त्या प्रश्नाच्या उत्तरात त्या काळाची भाषेविषयीची आणि समाजाविषयीची कल्पना दडलेली असते. ठाणे शहराच्या ग्रंथपरंपरेत या प्रश्नाला एक वेगळेच उत्तर दिले गेले. त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम स्थळाचा विचार करू. जुन्या ठाण्याचा जो भाग आज टेंभी नाका म्हणून ओळखला जातो, त्याच्या परिसरात भिन्नधर्मीय वस्त्यांच्या खुणा एकमेकींच्या निकट आहेत. पारशी समाजाची अग्यारी येथे आहे, १८७९ मध्ये स्थापन झालेले बेने इस्रायल समाजाचे ‘शार हाशामाईम’ हे प्रार्थनामंदिर येथे आहे, आणि पोर्तुगीज अमदानीपासूनची ख्रिस्ती वस्तीही जुन्या शहरातच आहे. त्यातच कलेक्टर कचेरी, न्यायालये आणि तुरुंग यांमुळे ठाणे हे जिल्ह्याचे ठाणे झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली व पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. मुंबईच्या छापखान्यांत तयार होणारे पुस्तक त्याच दिवशी ठाण्यास पोहोचू लागले. कारकून, वकील, शिक्षक आणि पेन्शनर यांचा जो वाचकवर्ग पुढे दिसतो, तो या परिस्थितीतून निर्माण झाला. १८६६ मध्ये ठाण्याहून ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र निघू लागले, ही घटनाही याच प्रवाहातील होय.

या वर्गाची पहिली ग्रंथालये ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नमुन्याची होती. रत्नागिरीस १८२८ मध्ये, नगरास १८३८ मध्ये, नाशकास १८४० मध्ये आणि पुण्यास १८४८ मध्ये अशा लायब्ऱ्या निघाल्या. ठाण्यातील नगर वाचन मंदिराचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच सापडते, तर कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मधील आहे. या संस्थांनी महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनाची सवय लावली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र त्यांच्या निवडीमागील दृष्टी बहुधा उपयुक्ततेची होती. इंग्रजी ग्रंथ हे ज्ञानाचे मुख्य साधन, आणि देशी भाषेतील ग्रंथ हे त्या ज्ञानाकडे नेणारी पायरी, असा क्रम तेव्हाच्या सुशिक्षितांच्या मनात स्थिरावलेला होता. मराठी पुस्तक ठेवले जाई ते बोधपर म्हणून, भाषांतरित म्हणून किंवा शालोपयोगी म्हणून.

कल्पित वाङ्मयाविषयी तर उघड संशय होता. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढील दशकभरात अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा पूर आला. तेव्हा काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये नावल व नाटक या प्रकारांवर स्वतंत्र निबंध लिहिला, यावरून या प्रश्नाने सुशिक्षितांचे लक्ष किती वेधले होते हे कळते. कादंबरी वाचावी काय, कोणी वाचावी आणि कोणत्या प्रकारची वाचावी, हा त्या काळातील नैतिक प्रश्न होता. ग्रंथालयाच्या चालकांस त्याचे उत्तर दर महिन्याच्या खरेदीत द्यावे लागे.

या पार्श्वभूमीवर १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. विनायक लक्ष्मण भावे, विष्णु भास्कर पटवर्धन प्रभृतींनी हे कार्य आरंभिले. भावे यांचा जन्म १८७१ चा, म्हणजे त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचेही नव्हते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, संस्थेच्या नावातच तिचे तत्त्व आले होते. ही ‘लायब्ररी’ नव्हती, ‘वाचनालय’ही नव्हते. हे संग्रहालय होते, आणि संग्राह्यतेची कसोटी एकच होती : ग्रंथ मराठी असणे. तो बोधपर आहे की मनोरंजक, गद्य आहे की पद्य, पंडिताचा आहे की अर्धशिक्षिताचा, हे प्रश्न दुय्यम ठरले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय याच धर्तीवर १८९८ मध्ये निघाले, म्हणजे ठाण्यानंतर पाच वर्षांनी.

या कसोटीचे महत्त्व समजण्यासाठी दोन समकालीन गोष्टींशी तिची तुलना करावी. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदणी आणि सरकारात प्रती देणे आवश्यक केले. त्यामागचा हेतू राज्यकारभाराचा होता, मराठी वाचकाच्या सोयीचा नव्हता. दुसरी गोष्ट अशी की, १८९२ मध्ये ब्लूमहार्ट यांनी ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती मुद्रित ग्रंथांची सूची लंडनमध्ये प्रसिद्ध केली. मराठी ग्रंथांची शिस्तबद्ध नोंद परक्या राजधानीत होत होती, आणि ग्रंथ ज्यांच्या भाषेत होते त्यांच्याजवळ मात्र त्यांचे स्वतःचे असे भांडार नव्हते. ठाण्याच्या उपक्रमाने ही उणीव भरून काढण्यास सुरुवात केली.

‘सर्व काही जमवा’ हे तत्त्व शास्त्रीय कसे, असा आक्षेप येथे घेता येईल. ग्रंथपालाने विवेक सोडला तर संग्रह म्हणजे अडगळ होईल, हे म्हणणे निरर्थक नाही. सामान्य वाचकास मार्गदर्शन हवे असते. पुस्तकांची चांगली निवड करून देणारा ग्रंथपाल त्याचा वेळ वाचवितो आणि त्याची अभिरुची घडवितो. परंतु निवड ही वर्तमानाची गरज आहे आणि संग्रह ही भविष्याची. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे वर्तमानाचे पूर्वग्रह भविष्यावर लादले जातात. याची उदाहरणे मराठीच्या इतिहासात पुष्कळ आहेत.

फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीन वेळा रोमन लिपीत छापले गेले. तथापि या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाचीही मुद्रित प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो भाविकांनी केलेल्या हस्तलिखित नकलांमुळे, आणि त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूरास तो पुन्हा छापला गेला. मुद्रण म्हणजे जतन नव्हे, हा धडा यावरून मिळतो. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये निघाली. तिच्यानंतर जवळजवळ शतकभर वाङ्मयेतिहासाने तिची दखल घेतली नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ती पुनःप्रकाशित केली, तेव्हा कोठे तिचे स्थान निश्चित झाले. तिच्या काळातील ‘उत्तम ग्रंथांच्या’ यादीत ती बसली नसती. १८५७ च्या धामधुमीचे प्रत्यक्ष वर्णन करणारा गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी प्रकाशित केला, तोपर्यंत तो हस्तलिखितातच होता. एका भिक्षुकाची ही प्रवासकथा आज इतिहासकार साधन म्हणून वाचतात आणि भाषाभ्यासक गद्याचा नमुना म्हणून.

टेंभी नाक्याच्या परिसरातील बेने इस्रायल समाजाकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. या समाजाची घरची भाषा मराठी. हगादा या वल्हांडण सणाच्या पोथीचे मराठी भाषांतर हिब्रू मुळासह १८४६ मध्ये मुंबईस छापले गेले, आणि १८७४ मध्ये पुण्याहून दुसरे सचित्र प्रकाशन निघाले. वाङ्मयेतिहासाच्या नेहमीच्या चौकटीत या ग्रंथांना जागा नाही, कारण ते ना संतवाङ्मय, ना अर्वाचीन ललित. भाषेच्या दृष्टीने मात्र ते अमोल आहेत. हिब्रू कल्पना मराठीत आणताना कोणते तद्भव शब्द कामी आले, कोणते संस्कृत शब्द टाळले गेले, कोकणपट्टीच्या बोलीची रूपे कोठे शिरली, या प्रश्नांची उत्तरे अशाच ग्रंथांत मिळतात. ‘मराठी असणे’ ही कसोटी लावली तरच ते संग्रहात येतात.

भावे यांच्या स्वतःच्या लेखनातही हे तत्त्व प्रतिबिंबित झालेले दिसते. त्यांचे ‘महाराष्ट्र सारस्वत’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रथम प्रसिद्ध झाले, आणि १९१९ मध्ये त्याची दुसरी, पुष्कळच विस्तारलेली आवृत्ती निघाली. ‘महाराष्ट्र कवि’ या मासिकातून १९०३ पासून त्यांनी अप्रसिद्ध काव्ये छापण्यास प्रारंभ केला. सांकेतिक लिपीत बंदिस्त असलेल्या महानुभाव वाङ्मयाकडेही ते वळले. समाजाने ज्या पंथाकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले, त्या पंथाचे गद्य हे मराठीचे प्राचीनतम गद्य म्हणून अभ्यासात आले, त्यात भावे आणि राजवाडे यांच्या परिश्रमांचा वाटा मोठा आहे. संग्राहकाने आधी नकार न देता वाचावे, ही वृत्ती संग्रहालयाच्या स्थापनेत आणि सारस्वताच्या लेखनात एकच आहे.

पुढील काळातील मोठी संदर्भकार्येही याच भूमीवर उभी राहिली. १९३२ ते १९३८ या काळात निघालेला दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि शं. ग. दाते यांची १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेली १८०० ते १९३७ या कालखंडाची ‘मराठी ग्रंथसूची’ ही दोन्ही कार्ये विविध ग्रंथ एकत्र पाहावयास मिळाल्याखेरीज शक्य नव्हती. कोशकारास केवळ उत्तम गद्य पुरत नाही. पाकशास्त्राच्या पुस्तकातील भांड्यांची नावे, शेतीच्या पुस्तिकेतील अवजारे, नाटकाच्या संवादातील शिव्या आणि स्वस्त कादंबरीतील बोलभाषा, हे सारे त्यास हवे असते. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेल्यानंतर तर जुन्या छापील प्रतींचे महत्त्व अधिकच वाढले. पुनर्मुद्रणात लेखन बदलते, आणि त्याबरोबर व्युत्पत्तीचा पुरावाही नाहीसा होतो.

या तत्त्वाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ‘मराठी’ या शब्दाची व्याप्ती कोणी ठरवावयाची, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. ठाणे जिल्ह्यातील आगरी, कोळी आणि वारली बोलींतील सामग्री दीर्घकाळ मौखिकच होती, म्हणून ग्रंथाची कसोटी तिला लागूच पडली नाही. जलशांच्या चोपड्या, कामगारांची पत्रके आणि बाजारात विकली जाणारी चार-आठ पानांची गाणी यांस ‘ग्रंथ’ म्हणावे की नाही, या संकोचातही बरेच नष्ट झाले असले पाहिजे. भाषेची कसोटी उपयुक्ततेच्या कसोटीहून उदार आहे, परंतु तीही शेवटी एक कसोटीच आहे.

ठाणे आणि डोंबिवली येथे साहित्य संमेलने भरली : ठाण्यास १९६० मध्ये रा. श्री. जोग यांच्या आणि २०१० मध्ये उत्तम कांबळे यांच्या अध्यक्षतेखाली, तर डोंबिवलीस २०१७ मध्ये अक्षयकुमार काळे यांच्या अध्यक्षतेखाली. संमेलन हा भाषेचा उत्सव होय. संग्रह हे तिचे नित्यकर्म आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने ग्रंथालयांस शासकीय आधार मिळाला. तथापि जागेची अडचण, जीर्ण कागद आणि नव्या पुस्तकांची मागणी यांमुळे जुनी, न वाचली जाणारी पुस्तके काढून टाकण्याचा मोह प्रत्येक संस्थेस होतो. ज्या पुस्तकास दहा वर्षांत वाचक मिळाला नाही, ते निरुपयोगी असे मानण्याकडे कल असतो. ‘स्त्रीपुरुष तुलने’स पुन्हा छापले जाण्यास त्र्याण्णव वर्षे लागली, हे अशा वेळी आठवावे.

पदव्युत्तर अभ्यासकांपुढे यातून एक स्पष्ट कार्य उभे राहते. एखाद्या कालखंडाचा अभ्यास करताना त्या काळातील मान्यवर दहा-वीस ग्रंथांवर विसंबून न राहता, एकाच वर्षी निघालेले सर्व प्रकारचे उपलब्ध ग्रंथ एकत्र वाचून पाहावेत. उदाहरणार्थ, १८९३ हेच वर्ष घ्यावे. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून वाचकांपुढे आली ती याच सुमारास. तिच्या शेजारी त्या वर्षीची पंचांगे, वैद्यकाची पुस्तके, कीर्तनसंग्रह आणि शालेय वाचनमाला ठेवल्या, तर हरिभाऊंनी कोणती भाषा उचलली आणि कोणती घडविली, हे निश्चितपणे सांगता येईल. अशा अभ्यासास लागणारी सामग्री मुंबई-ठाण्याच्या संग्रहालयांत शोधावी लागेल. ती शोधण्याचे काम प्रबंधाचा विषय निश्चित होण्यापूर्वीच सुरू झाले पाहिजे.