खेडची लढाई : रणांगणाआधी छावणीत लागलेला निकाल

१. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. तेथून भीमेच्या प्रवाहासोबत दौंडकडे गेले की पैलतीरी पेडगावचा बहादूरगड लागतो. १६८९ मध्ये कैद झालेल्या महाराजांना औरंगजेबासमोर तेथेच उभे केले गेले. प्रवाहाच्या उलट दिशेने वर गेले की खेड येते. पित्याच्या वधानंतर १८ वर्षांनी, १२ ऑक्टोबर १७०७ रोजी, पुत्र शाहू याच नदीकाठी आपल्या हक्कासाठी उभे राहिले. समोर मोगल नव्हते. स्वराज्याचीच फौज होती.

२. रायगड पडला तेव्हा शाहू ७ वर्षांचे होते. मातोश्री येसूबाईंसह ते मोगल छावणीत वाढले. १७०७ च्या आरंभी औरंगजेब मरण पावला आणि तख्तासाठी त्याच्या पुत्रांत युद्ध पेटले. उत्तरेकडे निघालेल्या आझमशाहाने वाटेत शाहूंना मुक्त केले. येसूबाई मात्र ओलीस राहिल्या. मराठ्यांत दुफळी माजावी, हा त्यामागील हेतू. जूनमध्ये आझम जाजाऊच्या लढाईत मारला गेला; त्याने पेरलेली दुही मात्र उगवली.

३. महाराणी ताराबाईंची बाजू दुबळी नव्हती. १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तल्यावर पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून त्यांनी ७ वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. थोरल्या महाराजांनी उभारलेले राज्य संभाजी महाराजांच्या काळात गेले. आजचे राज्य राजारामांनी नव्याने मिळवलेले आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आलेले शाहू तोतया आहेत, असेही सांगितले गेले.

४. शाहूंचा दावा साधा होता : थोरल्या पातीचा वारस जिवंत असता गादी धाकट्या पातीकडे कशी?

५. ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर शपथ घेतली, असे बखरी सांगतात. परशुरामपंत प्रतिनिधी आणि सेनापती धनाजी जाधव फौज घेऊन निघाले. परंतु शाहू खरे असल्याची धनाजींची खात्री पटली, आणि शपथेपेक्षा वारसाहक्क त्यांना मोठा वाटला. त्यांचे मन वळवण्यात बाळाजी विश्वनाथ यांचा वाटा मानला जातो.

६. लढाईच्या दिवशी प्रतिनिधी लढले. धनाजींनी मनापासून शस्त्र चालवले नाही. प्रतिनिधींना साताऱ्याकडे माघार घ्यावी लागली आणि धनाजी शाहूंना मिळाले. पुढे सातारा शाहूंच्या हाती आला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला.

७. ताराबाईंनी पन्हाळ्याचा आश्रय घेतला. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या निर्माण झाल्या. त्यांच्यातील सीमा ठरण्यास १७३१ चा वारणेचा तह उजाडावा लागला. बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले.

८. खेडने शाहूंना राज्य दिले, पण त्याची किंमतही लावली. राजा कोण, हे सरदाराच्या निष्ठेवर ठरू शकते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. शाहूंना पुढे सरदारांना हुकमापेक्षा वतने, सरंजाम आणि सलोखा यांनीच बांधून ठेवावे लागले. मराठी सत्ता अटकेपर्यंत पोहोचली ती याच सरदारांच्या बळावर, आणि तिच्यातील फुटीची बीजेही त्याच व्यवस्थेत होती. औरंगजेबापुढे न नमलेल्या ताराबाईंचा पराभव शत्रूच्या तलवारीने नव्हे, आपल्याच सेनापतीच्या म्यान झालेल्या तलवारीने केला.