करवतीचे पाते (दागिनेकाम)

करवतीचे पाते हे सोने, चांदी, तांबे, पितळ इत्यादी धातूंच्या पत्र्यात नक्षी कोरून आरपार कापण्यासाठी वापरले जाणारे पोलादी पाते आहे. ते धनुष्याकृती चौकटीत ताणून बसवतात. पत्र्याच्या कडेपासून आत कापत जाणे आणि पत्र्याच्या मध्यभागी छिद्र पाडून त्यातून पाते ओवून आतला भाग काढणे, अशी दोन्ही कामे या पात्याने होतात. दुसऱ्या प्रकारच्या कामाला जाळीकाम म्हणतात. पात्याच्या निवडीवर कापाची सफाई, कामाचा वेग आणि धातूची घट या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात.

पार्श्वभूमी

करवतीचा वापर रूढ होण्यापूर्वी जाळीकाम प्रामुख्याने छिन्नी व ठोकणीने केले जात असे. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात आणि बायझंटाईन काळात सोन्याच्या पत्र्यात छिन्नीने कोरलेली जाळीदार पदके व कंकणे प्रसिद्ध होती. महाराष्ट्रातील अनेक पारंपरिक दागिन्यांत करवतीचे काम दुय्यम असते. ठुशी मण्यांची असते, तर कोल्हापुरी साजातील पाने मुख्यतः साच्यावर ठोकून घडवली जातात. पदके, कर्णफुले, नावाची लॉकेटे, बाजूबंद आणि देवांच्या चांदीच्या प्रभावळी यांतील जाळीकामात मात्र करवतीला महत्त्व आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी ओळखले जाते.

रचना

पाते कठीण केलेल्या उच्च कार्बनयुक्त पोलादाचे असून त्याची लांबी साधारण १३० मि.मी. असते. पाती डझनाच्या किंवा बारा डझनांच्या जुडीत विकली जातात. काही पात्यांची पाठ चौकोनी, तर काहींची गोलसर असते. गोलसर पाठीचे पाते अरुंद वळणावर सहज फिरते.

क्रमांकपद्धती

पात्यांचे क्रमांक शून्याच्या दोन्ही बाजूंना जातात. ८/० हे प्रचलित पात्यांपैकी अतिशय बारीक पाते होय. ७/०, ६/० असे उतरत १/० पर्यंत आले की पाते क्रमाने जाड होते. त्यापुढे १, २, ३ असे क्रमांक वाढतील तशी जाडी आणखी वाढते. पुढील मापे सुमारे आहेत; उत्पादकानुसार त्यांत थोडा फरक पडतो.

| क्रमांक | जाडी (मि.मी.) | रुंदी (मि.मी.) | इंचामागे दाते | पत्र्याची जाडी (मि.मी.) |
|---|---|---|---|---|
| ८/० | ०.१६ | ०.३२ | ८९ | ०.४ पर्यंत |
| ६/० | ०.१८ | ०.३६ | ७६ | ०.५ |
| ४/० | ०.२२ | ०.४४ | ६६ | ०.६ |
| २/० | ०.२६ | ०.५२ | ५६ | ०.६ ते ०.८ |
| १ | ०.३० | ०.६३ | ५१ | ०.८ ते १.० |
| ४ | ०.३८ | ०.७८ | ३८ | १.० ते १.३ |

निवडीचे निकष

पत्र्याची जाडी : कापताना पत्र्याच्या जाडीत एकाच वेळी किमान दोन ते तीन दाते असावेत, असा सर्वसाधारण नियम आहे. दाते याहून कमी असल्यास पत्र्याची कड दोन दात्यांमधील खाचेत अडकते आणि पाते तुटते. पातळ पत्र्यात हा नियम पाळणे कठीण जाते. ६/० पात्याच्या दात्यांतील अंतर सुमारे ०.३३ मि.मी. असल्याने ०.५ मि.मी. पत्र्यात जेमतेम दीड दाता बसतो. अशा वेळी पाते किंचित पुढे झुकवतात, पत्रा पातळ लाकडी फळीवर चिकटवतात किंवा सारखी नक्षी हवी असल्यास अनेक पत्रे एकमेकांवर चिकटवून एकत्र कापतात.

नक्षी : लहान वळणे व टोकदार कोपरे यांसाठी कमी रुंदीचे पाते सोयीचे असते. लांब सरळ रेषेसाठी रुंद पाते अधिक स्थिर राहते.

धातूची घट : २२ कॅरेट सोन्याच्या ०.८ मि.मी. जाडीच्या पत्र्यात एकूण १० सें.मी. लांबीचा काप घ्यायचा आहे आणि कापाची रुंदी पात्याच्या जाडीइतकी आहे असे मानल्यास, २/० पात्याने सुमारे ०.३७ ग्रॅम, तर ६/० पात्याने सुमारे ०.२५ ग्रॅम सोन्याचा कीस होतो. येथे सोन्याची घनता १७.७ ग्रॅम प्रति घन सें.मी. धरली आहे. बारीक पात्याने घट कमी होते. मात्र काम हळू चालते आणि पाती अधिक तुटतात. चांदी, तांबे वा पितळ यांच्या कामात घटीपेक्षा वेगाला अधिक महत्त्व दिले जाते.

वापर

पात्याचे दाते चौकटीच्या बाहेरच्या बाजूला व मुठीकडे खाली रोखलेले असतात, त्यामुळे काप हात खाली ओढताना होतो. चौकट छातीने मेजावर दाबून पाते आवळले जाते. दाब सोडल्यावर पात्याला ताण येतो. नीट ताणलेले पाते नखाने छेडल्यास तारेसारखे वाजते. जाळीकामात प्रथम सामत्याने किंवा ड्रिलने छिद्र पाडतात आणि पात्याचे एक टोक सोडवून ते छिद्रातून ओवतात. पत्रा खाच असलेल्या लाकडी फळीवर धरला जातो. पात्याला अधूनमधून मेण लावल्याने घर्षण कमी होते. वळणावर करवत पुढे न दाबता जागच्या जागी वरखाली चालवत पत्रा हळूहळू फिरवतात. शेवटी कड कानशीने साफ केली जाते.

पाते तुटण्याची प्रमुख कारणे म्हणजे ढिला किंवा अतिरिक्त ताण, पुढे दिलेला जास्त दाब, वळणावरील घाई आणि जाडीला न जुळणारा क्रमांक. तुटलेला तुकडा उडून डोळ्याला इजा होऊ शकत असल्याने संरक्षक चष्मा वापरला जातो.

किसाची जपणूक

करवतीखाली पडणारा मौल्यवान धातूचा कीस कातडी झोळीत किंवा खणात गोळा करून पुन्हा आटवला जातो. लोखंडाचे कण त्यातून लोहचुंबकाने वेगळे करतात. तरीही काही कण जमिनीवरील धुळीत जातात. सोनारांच्या दुकानांतील केर व माती धुऊन असे कण काढणे हा महाराष्ट्रातील झारेकरी समाजाचा परंपरागत व्यवसाय होता.