उंबरावरचा जकातदार

अंगरखा जरा सैल सोडा, इथे उकडतं. यरीहो समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २५० मीटर खाली, यार्देनच्या खोऱ्यात. वाऱ्याचं नाव नाही. एका बाजूने बाल्समच्या बागांचा सुगंध, दुसऱ्या बाजूने गाढवांच्या लिदीचा भपकारा, आणि मध्ये तुम्ही. सणासाठी यरुशलेमला निघालेल्यांनी रस्ता तुडुंब भरलाय. कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत बसतं. नासरेथचा येशू येतोय! वेशीबाहेरच्या आंधळ्या भिकाऱ्याला दिसायला लागलं म्हणे.

तेवढ्यात उंची कपड्यांतला एक ठेंगणा माणूस पुढे घुसू बघतो. कुणी वाट देत नाही. उलट सगळे आणखी दाटीने उभे राहतात. हा जक्कय, जकातदारांचा मुख्य. ठरलेली रक्कम रोमी सरकारात भरायची, वर उकळेल ते आपलं, असा धंदा. शेजारचा खजूरवाला त्याला लाखोली वाहतो. (जकात नाक्यावर ज्यांनी कधी ट्रक घेऊन ताटकळत रात्र काढली, त्यांना हा राग समजावून सांगायला नको.)

जक्कय पुढे पळतो, अंगरखा खोचतो आणि रस्त्याकडेच्या उंबरावर चढतो. आपल्या उंबराचाच हा भाऊबंद, फळं तशीच खोडाला लगडलेली. टाचेखाली एक फळ चिरडतं, चीक हाताला लागतो, पोरं खिदळतात. एवढा मातबर माणूस झाडावर! तुम्हीही हसून घेता.

येशू नेमका त्याच झाडाखाली थांबतो, वर बघतो. आता याची खरडपट्टी निघणार. निघायलाच हवी, नाही का? पण तो नाव घेऊन हाक मारतो, खाली उतर म्हणतो. आजचा मुक्काम तुझ्याच घरी. हिशेब विचारला नाही, आधी सुधार असं बजावलं नाही. गावात इतक्या सज्जनांची घरं असताना! गर्दी कुरकुरते. खरं सांगू, तुम्हीही कुरकुरता. उन्हात तिष्ठत उभे राहिलात तुम्ही, आणि पाहुणा चालला त्याच्याकडे.

मग जक्कय जाहीर करतो: अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत. कुणी मागितलं नव्हतं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातही क्रम हाच आहे, आधी पाहुणा, मागून परतफेड.

खजूरवाला बोटांवर आकडेमोड करतोय. तुमच्याकडूनही जास्तीची जकात घेतली असेल, तर आत्ताच रांगेत लागा. अर्धं तर गेलंच, उरलेल्यातून चौपट द्यायचंय. पैसे फार वेळ पुरायचे नाहीत.