कृकवाकूची बोली

बनशंकरीत बिऱ्हाड केले, त्या पहिल्याच पहाटे मागच्या बोळातील कोंबड्याने आम्हांला जागे केले. धाकटी कन्या म्हणाली, 'कुकुचकू!' शेजारच्या कानडी मुलाने तिला तत्काळ दुरुस्त केले, 'कोक्कोक्को!' कोंबडा एकच. मग अक्षरे निराळी का? असा वाद कचेरीत निघाला असता तर टिपण मागविले गेले असते. या वादावरचे टिपण मात्र फार जुने आहे.

यास्काचार्य निरुक्तात सांगतात की, 'काक' हे नाव आवाजाचे अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा आढळते. लागलीच ते विरुद्ध मतही नोंदवितात : औपमन्यवाच्या मते शब्दानुकरण मुळी नसतेच. (प्रतिपक्षाचे म्हणणे नावानिशी नमूद करण्याची ही रीत आम्हां कारकुनी जगातील लोकांनी जरूर उचलावी.) कोंबड्याला संस्कृतात 'कृकवाकु' म्हणतात. यास्कांच्या मते त्यातला पूर्वार्ध अनुकरणाचा आणि उत्तरार्ध 'वच्' धातूचा. निम्मे नाव पक्ष्याने दिले, निम्मे व्याकरणाने!

पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत या स्वरांचे माप सांगताना अकार सोडून उकार का घेतला? परंपरा सांगते की, कोंबड्याच्या आरवण्यात एक, दोन, तीन अशा मात्रा क्रमाने ऐकू येतात : कु, कू, कू३. सूत्रात कोंबड्याचे नाव नाही हे खरे. तरी ही उपपत्ती इतकी गोड आहे की, ती सोडवत नाही.

पण कोंबडा म्हणतो काय, हा प्रश्न येथे येतच नाही. माझ्या आजीला तो पडला नव्हता, कारण तिला उत्तर ठाऊक होते. पडवीत बसून ती सुपावर बोटाने टक् टक् करी आणि पिले धावत येत. कोलियास आणि जूस या अमेरिकी संशोधकांनी 1953 साली कोंबड्यांच्या आवाजांचे ध्वनिलेख तपासले. पिलांना ओढून घेणारे आवाज तुटक, पुन्हा पुन्हा येणारे आणि खालच्या पट्टीतले असतात, असे त्यांना आढळले. आजीचे सूप याच नियमाने वाजत होते.

पुढे 1993 साली ख्रिस्तोफर इव्हान्स, लिंडा इव्हान्स व पीटर मार्लर यांनी कोंबड्यांना नुसते ध्वनिमुद्रित इशारे ऐकविले. शत्रू समोर कोणताच नव्हता. घारीसाठी असलेला इशारा ऐकताच कोंबड्या आडोशाला धावल्या व वर पाहू लागल्या. जमिनीवरच्या शत्रूचा इशारा ऐकताच मान ताठ करून चहूकडे पाहू लागल्या. म्हणजे हे केवळ भयाचे चीत्कार नव्हेत. भय कोणत्या दिशेचे, हेही त्यांत सांगितलेले असते. आणखी एक गोष्ट त्याआधीच, 1980 नंतरच्या दशकात, दिसून आली होती. घार दिसली तरी एकटा कोंबडा बहुधा गप्प राहतो. जवळ कोंबडी असली, तर ओरडतो.