एकत्र सापडले म्हणजे एकत्र राहत होते का?

आमच्या परभणी जिल्ह्यात विहीर खणली की काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पत्थर. हा पत्थर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. डायनासोरची हाडे त्याच्याही खालच्या, लॅमेटा नावाच्या थरांत असतात. लाव्हाच्या कडेला हे थर उघडे पडतात : चंद्रपूर जिल्ह्यातले पिसदुरा, गुजरातमधले रहिओली आणि जबलपूरची बडा सिमला टेकडी.

जबलपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होते, तेव्हाची गोष्ट. १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटली यांनी बडा सिमला टेकडी खणली. एकाच थरात अनेक मांसाहारी डायनासोरांची हाडे निघाली, लहान-मोठ्या जातींची, सुटी, एकमेकांत मिसळलेली. १९३३ मध्ये फ्रेडरिक फॉन ह्यूने आणि मॅटली यांनी त्यांचे वर्णन छापले. इंडोसुकस, इंडोसॉरस ही नावे त्यातलीच.

मुलांना हे सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला : मग ते कळपाने शिकार करत होते का? 'जुरासिक पार्क'ने हे चित्र सर्वांच्या मनात पक्के केले आहे.

त्या चित्रामागे अमेरिकेतला डायनोनिकस आहे. टेनॉन्टोसॉरस या मोठ्या शाकाहारी प्राण्याजवळ अनेक डायनोनिकसांचे अवशेष मिळाले, त्यावरून टोळीने शिकारीचे अनुमान निघाले. पण २००७ मध्ये दोन संशोधकांनी विचारले : कोमोडो बेटावरच्या घोरपडीही एका मढ्यावर जमतात आणि तिथेच एकमेकींना मारतात, मग तिला टोळी म्हणायचे का? २०२० मध्ये दातांतला कार्बन तपासला, तेव्हा पिल्लांचा आणि मोठ्यांचा आहार वेगळा दिसला. लांडग्यांसारखी शिकार वाटून खाणाऱ्या कुटुंबात असे होत नाही.

कॅनडातल्या आल्बर्टात बार्नम ब्राउन यांना १९१० मध्ये अल्बर्टोसॉरसचा साठा सापडला. एका जागी डझनभर तरी जनावरे, लहान-मोठी. फिलिप करी यांना तो कळप वाटतो. पण पुराचे पाणीही प्राण्यांना एका जागी कोंडू शकते. चीनच्या शांडाँग प्रांतातला पुरावा जास्त बळकट आहे. तिथे सहा जनावरांच्या पाऊलखुणा एकमेकींना समांतर, एकाच दिशेने जातात. पाऊल जिवंतपणीच उमटते, हाड मात्र मेल्यावरही वाहत येते. तरी त्यातून सोबत चालणे कळते, सोबत शिकार करणे नाही.

आपल्या राजासॉरसचा नातलग, मादागास्करचा माजुंगासॉरस, वेगळेच सांगतो. त्याच्या हाडांवर त्याच्याच जातीच्या दातांचे ओरखडे आहेत. म्हणजे त्याला आपल्याच जातीचे मांस वर्ज्य नव्हते. मारून खाल्ले की मेलेले खाल्ले, हे ओरखड्यांवरून ठरत नाही.

हा पेच आपल्या परंपरेला अनोळखी नाही. हदीसच्या अभ्यासकांपुढे प्रश्न होता : एक रावी, म्हणजे कथन करणारा, दुसऱ्याच्या हवाल्याने काही सांगतो. दोघे एकाच काळातले होते, एवढे पुरे का? इमाम मुस्लिम (रह.) यांनी समकालीन असणे आणि भेट शक्य असणे पुरेसे मानले. इमाम बुखारी (रह.) यांची अट त्याहून कडक, भेट झाल्याचे सिद्ध हवे, असे आपल्याला शिकवले जाते.

आज मोबाइलवर फिरणाऱ्या इतिहासात ही काळजी दिसत नाही. एका काळातली, एका गावातली दोन नावे घ्यायची आणि त्यांच्यात मैत्री किंवा वैर जोडून द्यायचे. मेलेले उत्तर द्यायला येत नाहीत. त्याचा त्रास जिवंत माणसांना होतो. म्हणून वर्गात मी फळ्याचे दोन भाग करतो : 'काय सापडले' आणि 'त्यावरून काय म्हटले'. बडा सिमलाच्या बाबतीत पहिल्या भागात हाडे येतात. कळप दुसऱ्या भागात, प्रश्नचिन्हासह.