कुंपणापल्याडची उडी

सुमात्राच्या पश्चिमेला, हिंदी महासागरात नियास नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिण भागातलं बावोमातालुओ हे गाव टेकडीच्या माथ्यावर वसलेलं आहे. नावाचा अर्थच 'सूर्याची टेकडी'. दगडी पायऱ्यांची लांब चढण संपली की फरसबंदी रस्ता लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांना खेटून उभी लाकडी घरं, आणि मोकळ्या जागेत रचीव दगडांचा वर निमुळता होत गेलेला बुरूज. उंची दोन मीटरांहून थोडी जास्त. उंच माणूसही त्याच्याआड सहज झाकला जाईल.

हा बुरूज हात न टेकता ओलांडायचा. याला म्हणतात फाहोम्बो. ज्याला जमलं तो पोर राहिला नाही. लढाईला आणि लग्नाला लायक ठरला. बाप आनंदानं डुकरं कापून गावाला जेवण घालायचा.

या खेळाचं मूळ मात्र भीतीत आहे. दक्षिण नियासमधली गावं एकमेकांवर छापे घालायची. शत्रूची मुंडकी आणायची, माणसं पकडून गुलाम म्हणून विकायची. म्हणून गावं टेकड्यांवर वसली आणि त्यांच्याभोवती उंच कुंपणं उभी राहिली. रात्री चालून जायचं तर कुंपण ओलांडता आलं पाहिजे, आणि डाव फसला तर तेच कुंपण ओलांडून परत येताही आलं पाहिजे. अडकला तो मेला. गावातला बुरूज सरावासाठी त्या कुंपणाऐवजी उभा होता. ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर फाहोम्बो ही नुसती कसरत वाटते.

बुरुजासमोर एक छोटा दगड पुरलेला असतो. गडी लांबून धावत येतो, एक पाय त्या दगडावर आपटतो आणि गुडघे पोटाशी घेऊन वर झेपावतो. पलीकडे खाली कठीण फरशीच असते. पाऊल चुकलं तर हाड मोडतं. म्हणून पोरं लहानपणापासून आधी दोरीवरून, मग कमी उंचीवरून सराव करतात.

1863 मध्ये डच फौजेनं जवळचं ओराहिली गाव जाळलं, आणि बेघर झालेल्यांनी बावोमातालुओ वसवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डचांनी दक्षिण भागावर पुरता ताबा मिळवला. छापे थांबले, कुंपणं गेली. उडी मात्र राहिली, आणि हीच या प्रथेतली सर्वांत विलक्षण गोष्ट आहे. ज्या कामासाठी पाय तयार करायचे ते कामच संपलं, तरी गावानं पोरांचे पाय तयार करणं सोडलं नाही.

1992 मध्ये निघालेल्या इंडोनेशियाच्या एक हजार रुपियाच्या नोटेवर, मागच्या बाजूला, हीच उडी छापली होती. 28 मार्च 2005 च्या भीषण भूकंपानं बेटावर शेकडो माणसं मेली. बावोमातालुओतली, तिरक्या टेकूंच्या खांबांवर उभी जुनी लाकडी घरं बहुतेक टिकली. आज तिथं पाहुण्यांसाठी पैसे घेऊन उडी दाखवतात. लाल, पिवळा, काळा पोशाख घातलेला तरुण पुढे येतो, मागे सरून अंतर घेतो, आणि बाजूच्या ओट्यांवर बसलेली लहान पोरं त्याचा पाय त्या छोट्या दगडावर नेमका कुठे पडतो ते पाहत असतात.